उसना पिचर

डेल्विनमामा रोज पहाटे दुधाचा टँकर सुरू करण्याआधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचा, लांब श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "फक्त हाच." मग किल्ली फिरवायचा. प्रत्येक गोठ्याच्या फाटकाशी पुन्हा तेच. चौदा फाटकं, चौदा वेळा. सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसून जायचे. मला वाटायचं, सगळेच ड्रायव्हर असं करत असतील.

ती सवय पिचरची होती. आमच्या सेंट ओडो गावाच्या बेसबॉल संघासाठी तो बावीस वर्षं दर रविवारी चेंडू टाकत होता. मातीच्या त्या उंचवट्यावर पिचर एकटा असतो आणि त्याने चेंडू सोडेपर्यंत मैदानावर काहीच घडत नाही. मामा म्हणायचा, हात उशिरा थकतो, डोकं आधी. म्हणून मागचा चेंडू विसरायचा, पुढच्याचं नाव काढायचं नाही.

तो एक्केचाळीस वर्षांचा होता, त्या ऑगस्टमध्ये हे सगळं निकामी ठरलं. समोर ब्रेनफेल्ड गाव, शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, दोन बाद; तिसरा बाद झाला की सामना आमचा. चार चेंडू फलंदाजापुढच्या ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की तो फुकटात पहिल्या तळावर चालत जातो; तिन्ही तळ भरले असले की सगळे एकेक पुढे सरकतात आणि एक धाव होते. मामाने एकाला चालवलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्याला चालवल्यावर बरोबरी झाली, पाचव्याला चालवल्यावर हार. ब्रेनफेल्डला बॅट फिरवावीसुद्धा लागली नाही.

त्यानंतर तो संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारून बघायचा. निम्मे भिंतीवरून मक्यात जायचे. माझी आई आर्लिस, त्याची बहीण, संघाची गुणवही लिहायची. तिला तो म्हणाला, "माझा हातमोजा चर्चच्या विक्रीत देऊन टाक."

"ऑगस्ट संपू दे. मग बघू."

गुरुवारी ब्रेनफेल्डचा व्यवस्थापक व्हर्जिल स्टँग दारात आला. राज्यस्पर्धेला जाणाऱ्या संघाने आपल्या भागातल्या हरलेल्या संघांतून तीन पिचर उसने घ्यायचे, अशी आमच्याकडची रीत. तो एखादा तरणा पोरगा उचलेल असं सगळ्यांना वाटत होतं.

"डेल, रविवारी चल आमच्याबरोबर."

"शुद्धीवर आहेस ना? पाच जण फुकट चालवले मी तुमचे."

"आठवतंय. चौथा माझाच पोरगा होता. पण त्याआधी सव्वीस बाद केलेस, ते कुणी मोजत नाही."

मामा म्हणाला, "सदरा मोठा आण. तुमच्याकडचे सगळे काटकुळे."

रविवारी निळ्या सदऱ्यातला मामा बघायला निम्मं सेंट ओडो लोटलं. "वापरून झाला की परत करा हो!" कुणीतरी ओरडलं. आठव्या डावात, एका धावेची आघाडी हातात देऊन त्याला उंचवट्यावर पाठवलं. तिघं बाद झाले. मामा मान खाली घालून निघाला आणि थेट विरुद्ध संघाच्या बाकावर जाऊन बसला. घरच्या मैदानावर आमचा संघ बावीस वर्षं त्याच बाजूला बसायचा. त्याने कागदी पेल्यात पाणीसुद्धा ओतून घेतलं.

"पाणी प्या, काका," शेजारचा खेळाडू म्हणाला, "पण तुमचं घर पलीकडे आहे."

मैदान हसलं. मामाचे कान लाल झाले, मग तोही हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

शेवटच्या डावात दोघं बाद झाले. मग एक फुकट चालला. पाठोपाठ दुसरा. मामाचे खांदे कानांपर्यंत चढले. आईची पेन्सिल थांबली. ब्रेनफेल्डचा कॅचर लोरस, फलंदाजामागे बसून मामाचे चेंडू झेलणारा, उठून त्याच्याजवळ गेला. काय बोलणं झालं ते त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं.

"कसला विचार करतोयस?"

"त्या पाच जणांचा."

"त्यातला दुसरा मी होतो. बाकीचे चौघे आज तुझ्या मागे उभे आहेत. त्यांना आज तरी काही काम दे की!"

मामाने मागे वळून त्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. मग तळहात पँटला पुसला. लांब श्वास सोडला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला इतक्या लांबूनही कळलं.

चेंडू सरळ चौकटीच्या मधोमध गेला. फलंदाजाने तो जोरात फटकावला, जमिनीलगत, व्हर्जिलच्या पोराकडे. पोराने वाकून उचलला, पहिल्या तळाकडे फेकला. बाद. संपलं.

घरी आल्यावर आईने हातमोजा टेबलावर ठेवला. "शनिवारी चर्चची विक्री आहे. काय करायचं याचं?"

मामाने तो उचलून अंगठ्याने दाबून पाहिला.

"कातडं सुकलंय गं. तेलाची बाटली कुठे ठेवलीस?"