पाण्यात गेलेल्या कॉम्प्युटरचं लायसन

शहागडला हायवेवरून नदीकडं उतरणारा एक रस्ता आहे, त्यावर आमचं दुकान होतं. अर्ज, लग्नाचे बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं काम. टायपिंग हे करायचे, झेरॉक्स मी सांभाळायचे.

तेव्हा आमच्या भागातल्या बहुतेक कॉम्प्युटरांत कॉपी केलेली सिस्टीम असायची. एकच सीडी या दुकानातून त्या दुकानात फिरायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. यांना वाटायचं. लग्नाआधी हे जुन्या जालन्यात एका दुकानात ऑपरेटर होते. तिथं एकदा कॉपी सिस्टीमसाठी धाड पडली. मालक मागच्या दारानं निघून गेला आणि मशीनवर बसलेले हे सापडले. दिवसभर ठाण्यात बाकड्यावर बसवून ठेवलं. संध्याकाळी सासरे सोडवायला गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत एका शिपायानं यांच्या कानाखाली मारली. हे मला यांनी कधीच सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं.

म्हणून स्वतःचं दुकान टाकताना यांनी कंपनीचा नवा कॉम्प्युटर घेतला, सिस्टीम आत भरूनच आलेला. कॅबिनेटवर लायसनचं स्टिकर होतं, त्यावर लांबलचक नंबर. चहा प्यायला कुणी आलं तरी हे ते स्टिकर दाखवायचे.

मग एका पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. आम्ही पोरीला घेऊन वरच्या आळीला नातेवाइकांकडं गेलो. पाणी दुकानापर्यंत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते उतरल्यावर शटर उचललं, तर झेरॉक्स मशीन आडवं पडलेलं आणि टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये गाळ भरलेला. यांनी ते घरी आणून अंगणात उघडलं, माझ्या जुन्या लुगड्यानं एकेक भाग पुसला, कितीतरी दिवस उन्हात ठेवलं. ते काही चालू झालं नाही. स्टिकर मात्र शाबूत होतं, आणि कॉम्प्युटरसोबत आलेली कंपनीची सीडी घरच्या कपाटात कोरडी होती.

यांनी जालन्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि त्यात ती सीडी टाकली, स्टिकरवरचा नंबर भरला. सिस्टीम चढली, पण काही दिवसांत परवानगी घ्या, नाहीतर बंद होईल, असं स्क्रीनवर यायला लागलं. त्यासाठी एक फोन नंबर दिलेला होता. हे एसटीडी बूथवर गेले, सोबत मीही गेले.

पलीकडं एक बाई हिंदीत बोलत होत्या. यांनी स्क्रीनवरून उतरवून आणलेले आकडे सावकाश वाचून दाखवले. मग बाईंनी विचारलं, कॉम्प्युटर तोच आहे ना? वापरलेला कॉम्प्युटर विकणाऱ्यानं यांना आधीच बजावून ठेवलं होतं, तोच आहे म्हणा, एखादा पार्ट बदलला म्हणा, ते लोक सिस्टीम चालू करायचा नंबर देऊन टाकतील. हे म्हणाले, नाही, तो पाण्यात गेला, हा दुसरा आहे.

बाईंनी नीट समजावलं. कॉम्प्युटरसोबत आलेलं लायसन त्याच कॉम्प्युटरचं असतं. दुसऱ्यावर चालवायचं तर नवं घ्यावं लागेल.

हे हिंदी विसरून मराठीत म्हणाले, "अहो बाई, मी विकत घेतलंय. तो कॉम्प्युटर आता कुठंच चालू व्हायचा न्हाई. मंग माझं लायसन गेलं कुठं?"

बाईंनी तेच वाक्य पुन्हा तितक्याच नम्रपणे सांगितलं. यांनी त्यांचे आभार मानून फोन ठेवला.

नवं लायसन घेण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. सिस्टीम बंद झाली तसं यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं. गिऱ्हाइकं स्टँडजवळच्या दुकानात जायला लागली. सगळ्यांसारखी कॉपी सिस्टीम टाकून घ्या म्हणून मी पुष्कळ समजावलं, भांडले, अबोला धरून पाहिला. हे म्हणायचे, पुन्हा त्या बाकड्यावर बसणार न्हाई.

काम शोधायला हे जालन्याला गेले होते, तेव्हा मी वडीगोद्रीच्या एका मेकॅनिकला बोलावलं आणि कॉपी सिस्टीम टाकून घेतली. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडून मी स्वतः टाइप करायला बसले.

हे परत आले ते सरळ दुकानावर. उभ्याउभ्या त्यांनी स्क्रीन पाहिली. त्यांना लगेच कळलं.

"कुणी केलं हे?"

"मी करून घेतलं."

"उद्या कुणी आलं तर?"

"मला नेतील. मशीनवर मी बसलेय."

ते म्हणाले, "तुला नेताना मला बघायचं न्हाई." आणि पायरी उतरून गेले.

त्यानंतर जालन्यात बियाण्यांच्या एका गोदामावर यांना काम लागलं. तिथंच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला यायचे. सुट्टीतही दुकानात पाऊल ठेवायचे नाहीत. पोर विचारायची, पप्पा आत का येत नाहीत, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. दुकानावर कधीच कुणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असंही मला मधूनमधून वाटलं. निदान एकदा काय ते होऊन गेलं असतं. पोरीची फी मात्र त्या दुकानावरच भरली गेली.

गोदामात बियाण्यांना लावायच्या औषधाच्या धुळीनं यांना दम्यासारखं झालं आणि ते कायमचे घरी आले. दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, रस्त्याकडं तोंड करून. एकदा एक मास्तर प्रश्नपत्रिका घेऊन आले होते. मी शब्द मोठ्यानं उच्चारत टाइप करत होते आणि 'उज्ज्वल'पाशी अडले.

मान न वळवता हे म्हणाले, "दोन्ही ज जोडून, खाली व."

मी तसं टाइप केलं. मास्तरांनी विचारलं, आत या ना, बाहेर का बसलात? हे म्हणाले, इथं हवा लागते.