दोरीचं दुसरं टोक

गेल्या वर्षी कृषी महाविद्यालयातली एक मुलगी छापील फॉर्म घेऊन माझ्या धाकट्या बहिणीकडे आली, तेव्हा मी योगायोगाने गावी होतो. तरुण शेतीकडे का वळतात, असा तिचा अभ्यासाचा विषय. खाली कारणांची यादी: जमीन आहे म्हणून, नोकरी मिळाली नाही म्हणून, प्रशिक्षण घेतलं म्हणून, मित्रमंडळी करतात म्हणून. शेवटच्या कारणाला बहीण मोठ्याने हसली. तिची मित्रमंडळी केव्हाच पांगली होती. तिने ‘इतर’पुढे खूण केली आणि समोरची रेघ कोरी ठेवली. पण त्या मुलीला काही तीन तास सोडलं नाही. जेवायला वाढलं, कोबीची रोपं दाखवली, बसथांब्यापर्यंत पोचवायला गेली. त्या आठवड्यात तिच्याशी समोरासमोर बोललेलं ते पहिलं माणूस असावं. मला धरू नका. मी सकाळपासून फोनमध्ये डोकं खुपसून बसलो होतो.

ती रेघ मी भरू शकलो असतो. आमच्याकडे कोबी दोरी लावून लावतात. दोन टोकांना दोन माणसं दोरी ताणतात, खुंट्यांना बांधतात आणि दोन्हीकडून रोपं लावत मध्यावर भेटतात. ते दुसरं टोक बाबांनी आधी माझ्या हातात दिलं होतं. मी थोरला ना! माझं लक्ष रस्त्यावरच्या गाड्यांकडे. दोरी सैल पडायची, बाबा खेकसायचे. मी लवकरच हात झटकले, आणि सोळा वर्षांची धाकटी माझ्या जागी उभी राहिली. त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, “हिच्या हातात दोरी असली की मला मान वर करून बघावं लागत नाही.”

बाबा कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. माझ्या वाट्याला एवढंही कधी आलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. ते वाक्य तिने ऐकलं आणि तिचं ठरलं. माती, निसर्ग वगैरे लोक जे बोलतात, ते सगळं नंतरचं. पुढे आई गेली, तरी लागवड तशीच चालू राहिली. अकरा वर्षं बापलेक ओळीच्या मध्यावर भेटत, उकिडवे बसून पाणी पीत, काहीबाही बोलत आणि पुढच्या ओळीला लागत.

मग बाबांचा गुडघा गेला. ऑपरेशन शहरात, म्हणून राहणं माझ्याकडे. दोन महिने म्हणता म्हणता दीड वर्ष झालं.

या वर्षी लागवडीच्या तोंडावर बाबांच्या फोनवर तिचा फोन आला. बाबा झोपले होते, मी उचलला.

“दादा, बाबांना आठवडाभर पाठव ना. काही करायचं नाही त्यांनी. खुर्ची टाकते, नुसती दोरी धरून बसू देत.”

“मजूर बघ की एखादा.”

“गेल्या वर्षी मिळाला होता. यंदा सगळ्यांची लागवड एकदमच आलीय. आणि मजूर म्हणून नाही रे बोलावत मी त्यांना. विचार तरी त्यांना.”

विचारतो म्हणालो. दोन दिवसांनी कळवलं, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं आणि बाबांनाही नाही. गेले असते तर ते परत आले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. बायको बदलीच्या गावी, मुलगा वसतिगृहात. मी ऑफिसातून येईपर्यंत चहासाठी थांबणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

सव्वा महिन्याने मीच बाबांना म्हणालो, चला, शेत बघून येऊ. मनाला टोचत होतं, दुसरं काय!

कोबी चांगला भरत होता, पण ओळी पाहून मला हसू आलं. पहिली सरळ, दुसरी किंचित कलती, आणि कलत कलत पार बांधाशी एक तिकोनी तुकडा रिकामाच राहिलेला. बाबा काठी टेकून त्या तुकड्यापाशी कितीतरी वेळ उभे राहिले. दुसऱ्या टोकाला माणूस नसलं की ताणाने खुंटी कलते, प्रत्येक ओळीला बोटभर. त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको होतं.

“एकटीने लावलंस?”

“हो.”

“मला का नाही बोलावलंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बांधाकडे बघू लागलो. त्या एका नजरेत तिला सगळं समजलं. आणि बाबांना जेवायचं-झोपायचं माझ्याच घरात आहे, हेही तिने त्याच क्षणी जोखलं असावं.

“राहून गेलं बाबा,” ती म्हणाली. “आणि जमलं की एकटीला.”

बाबांनी मान हलवली. जेवणं झाली. ती उगाचच भांडी पुन्हा विसळत राहिली. निघताना मी बाबांना आत बसवायला गाडीचं दार उघडलं, तर मागच्या सीटवर त्यांची कपड्यांची पिशवी. वर गोळ्यांचा डबा. सकाळी त्यांनी कधी आणून ठेवली, मला पत्ताही नव्हता.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

“तिला आता माझी गरज नाही,” बाबा म्हणाले. “बरंच झालं, नाही का?”

अजून तासाभराचा रस्ता बाकी होता. सांगायचं तर तेवढा वेळ पुष्कळ होता.

मी नुसतं “हं” म्हणालो.