सरांच्या नावाने एक टेस्ट पोस्ट

गिरीज, सर आणि केळीची वाडी म्हटल्यावर तुम्ही मस्त टेकून बसला असाल, की आता हिरव्यागार आठवणी येणार. सॉरी हां. इथे डेटाबेस आहे.

आमच्या भागाची एक वेबसाइट आहे. गावागावाची साइट वेगळी दिसते, पण आतून सगळ्यांचा डेटाबेस एकच. गिरीजची साइट आमचे शाळेतले सर चालवायचे. दर रविवारी लिहायचे, कुणाच्या केळीला घड लागला, कुणाची विहीर खारट झाली. शिकवताना शुद्ध, लिहिताना मात्र पक्के गावचे. दिवाळीआधी सर गेले. रविवार रिकामे पडले.

साइट नवीन करायचं काम माझ्याकडे आलं. चालू साइटवर प्रयोग नको, म्हणून अख्खा डेटाबेस आचोळ्याला घरी लॅपटॉपवर कॉपी केला. प्रत्येक गावाच्या साइटचा पत्ता बदलला, नाहीतर लिंक दाबली की थेट खऱ्या साइटवर उडी. गिरीज उघडलं. वर पत्ता माझ्याच लॅपटॉपचा. झकास.

आता टेस्ट पोस्ट. शहाणी माणसं नुसतं 'टेस्ट' लिहितात. मी शाळेत स्टाफरूमच्या दाराशी सरांची नक्कल करायचो आणि सर आतून हसायचे. सरांच्याच नावाने लिहिलं, "मंडळी, जरा बाहेर गेलो होतो. आलोय. विहिरीचं पानी गोड झालं का, बघून सांगतो."

एकटाच हसलो. आवाज अगदी तसाच लागला होता. पब्लिशचं बटण दाबलं.

नवीन पोस्ट आली की वाचकांना मेल जातो. ती सेटिंग मेलच्या पासवर्डासकट डेटाबेसमधूनच लॅपटॉपवर आली होती, आणि मी ती बंद केलीच नव्हती. वाचकांच्या यादीत सरांच्या बायकोचंही नाव होतं.

दहा मिनिटांत काकूंचा फोन.

"तूच ना रे?"

"काकू, ते चुकून..."

"चुकून? भाजी चिरत होते मी. मेल वाचला नि तशीच दार उघडून ओट्यावर जाऊन उभी राहिले. शेजारीण विचारते, कोण येतंय? काय सांगू तिला?"

"सॉरी, काकू."

"सॉरी ठेव तिकडे! हात कसा धजला तुझा? आत्ताच्या आत्ता सगळ्यांना लिही, हे मी केलं म्हणून. आणि तुझ्या नावाने लिही. तुझ्या!"