पहिला फोन कुणाला

हरवण्याची इतकी जय्यत तयारी करणारा माणूस आमच्या साडूंशिवाय अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. अमडापूरहून धाडच्या बाजाराला निघाले तरी गळ्यात शिट्टी, खिशात उन्हात चमकवून इशारा करायला आरसा, आणि कुठल्या रस्त्यानं जाणार याची खबर तीन घरांत. दुसरबीडला एका लग्नात आमची चुकामूक झाली, तर मोबाईल खिशात असताना यांनी ऐन मंगलाष्टकांत शिट्टी फुंकली. बँडवाल्यांना वाटलं, इशारा आपल्यालाच आहे. त्यांनी दणक्यात सुरुवात केली आणि लग्न मुहूर्ताआधीच लागलं. नवऱ्यामुलाचा मामा अंगावर धावून आला, पण साडूंच्या चेहऱ्यावर नुसतं समाधान. "पाहा साडूभाऊ, सापडलो की नाई तुमाले?"

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर हिमालयातल्या खिंडी पायी ओलांडायचं त्यांनी मनात घेतलं. तिकडं मोबाईल चालत नाही, म्हणून आधी उपग्रहाशी बोलणारं यंत्र घ्यायचं, मग निघायचं. या 'आधी'त काही वर्षं गेली. बाजारातलं एक स्वस्त यंत्र त्यांनी शेजाऱ्यांच्या बकरीच्या गळ्यात बांधून पाहिलं. बकरी टेकडीपलीकडं चरून संध्याकाळी घरी आली, तरी मोबाईलवर ती फाट्यावरच उभी. "हे तं टावरवर चालते. टावर गेला की बकरी गेली!" म्हणून ते बाद. निरोप पाठवणारं, उत्तरही आणणारं एक यंत्र त्यांना फार आवडलं होतं, पण सरकारी परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा आहे हे कळल्यावर त्यांनी त्याचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायला सुरुवात केली. आमची ताई, म्हणजे त्यांची बायको, कंटाळून म्हणायची, "यंत्र निवडून राह्यले का सून पाहून राह्यले?"

अखेर मुठीत मावणारी एक पिवळी डबी पसंत पडली. ती गप्पा मारत नाही, नकाशा दाखवत नाही. संकटात अँटेना उभारून बटण दाबायचं, की आपण नेमके कुठं आहोत ते उपग्रहामार्फत शोधपथकाला कळतं. मात्र डबीची नोंदणी करताना घरच्या माणसांचे दोन फोन नंबर द्यावे लागतात. बटण खरंच संकटात दाबलं की चुकून, हे पथक आधी त्यांना विचारतं. ताईला रक्तदाबाचा त्रास, तेव्हा ती नको. दुसरा नंबर माझा लिहिला. पहिला कुणाचा, हे मी विचारलंच नाही. तो त्यांच्या पुण्यातल्या मुलाचाच असणार.

हा मुलगा वाईट नाही. मोठ्या नोकरीत आहे, दिवाळीला कपडे पाठवतो. फक्त बापाचं बोलणं सुरू झालं की त्याला मीटिंग आठवते. साडूंनी हिमालयाचं त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की त्यानं ऐकणंच सोडून दिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशीही साडू फोनवर म्हणाले, "जाऊन राह्यलो बरं, उद्याच." तिकडून उत्तर आलं, "हो बाबा, नंतर बोलू."

खिंडीतून उतरताना दगड निसटला आणि साडूंचा पाय मोडला. सोबतचे लोक पुढं गेले होते. यांनी डबी काढली, शिकल्याप्रमाणे अँटेना उभारली आणि बटण दाबलं.

मी चिखलीला जेवायला बसलो होतो. फोनवर अनोळखी माणूस हिंदीत साडूंचं नाव घेऊन विचारत होता, ते सध्या कुठं आहेत. मी म्हणालो, हिमाचलात, पायी गेलेत. तो म्हणाला, "पण त्यांच्या मुलानं आत्ताच सांगितलं, वडील घरीच आहेत, कुठंही जात नसतात. बटण चुकून दाबलं असेल."

घास तसाच ताटात राहिला. मी ओरडूनच सांगितलं, ते घरी नाहीत, माणसं पाठवा. त्यांनी पाठवलीही. अंधार पडायच्या आत साडू सापडले, थंडीनं काळेनिळे, पण जिवंत. दुसऱ्या दिवशी मुलाचा मला फोन आला. "काका, मला खरंच वाटलं ते घरीच आहेत." त्याच्या आवाजात रडू होतं. पण मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

साडू घरी आल्यावर मी अमडापूरला गेलो. पायाला प्लास्टर, भोवती शेजारपाजार, आणि डबीची तारीफ चाललेली. कुणी म्हणालं, नशीब बलवत्तर. साडू म्हणाले, "नशीब काऊन? निवड!" लोक हसले. चहा झाला, माणसं पांगली. ताई भांडी घेऊन आत गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं.

"साडूभाऊ, पह्यला फोन पोराले गेला असन ना? काय म्हणला तो?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "लागला नाही म्हणे, दादा. म्हणून मला केला."

त्यांनी प्लास्टरवरचा हात न हलवता मान डोलावली.

"हाव," ते हळूच म्हणाले, "पुण्यातबी नेटवर्कचा लय वांधा हाय."