ताई मागावर बसल्या तो दिवस

लीलाताई पगारे यांच्याशी माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या मला मुळीच आवडल्या नव्हत्या. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण संपादक मंडळींनी जे झालं ते लिहा असं सांगितलं आहे, आणि ताईंना खोटं चालत नाही. तेव्हा कुणाला राग आला तर तो ताई आणि संपादक यांनी आपसांत वाटून घ्यावा.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी सतरा वर्षांची होते. येवल्यात आमचं पैठणी विणणारं घर. वर्षभर माझी कंबर दुखत होती. आईनं शेक दिला, हाडवैद्यानं तेल चोळलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली, तर तीही काढून झाली. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एसटीत घालून नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांकडे आणलं. पाठीचा फोटो काढला, तर कणा सरळ नव्हताच. शेतातल्या पाटासारखा वळण घेत खाली उतरला होता. ऑपरेशन करण्याइतकं काही नाही, व्यायाम लागेल, असं म्हणून डॉक्टरांनी नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळचा एक पत्ता दिला. तिथं दोन खोल्यांत ताई व्यायामोपचार करत असत.

ताईंनी अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत एक विचित्र पोलकं दिलं. जुन्या साडीचं, पुढून बंद आणि पाठीवर नाड्यांनी बांधायचं. मुलींना तपासणीसाठी अंगावरचं उतरवायला लागू नये म्हणून ताईंनी अशी पोलकी स्वतः शिवली होती. एकेका मणक्यावर त्यांनी निळ्या पेन्सिलीनं ठिपका काढला, मला दोन आरशांच्या मध्ये उभं केलं आणि माझीच पाठ मला दाखवली. तोवर माझ्या पाठीबद्दल घरात सगळे बोलत होते, पण ती मला कुणी दाखवली नव्हती. मी रडले. ताईंनी रडू दिलं.

मग काम काय करतेस, असं विचारलं. उजाडल्यापासून मागावर बसते, असं मी सांगितलं. ताईंनी अण्णांना आत बोलावून हिला मागावरून उठवा, असा एका वाक्यात निकाल दिला. अण्णांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसापुढे अण्णांची मान नेहमीच डोलत असे.

त्या एका वाक्यानं माझं काय गेलं, हे नाशिकला बसून ताईंना कसं कळावं? आमच्या गल्लीत मुली रेशीम उकलायच्या, ते गुंडाळून कांड्या भरायच्या. मागावर बसायचे ते बाप्ये. अण्णांना मुलगा नव्हता आणि माझा हात चांगला चालत होता, म्हणून मला ती जागा मिळाली होती. पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडून, पायानं दाबायच्या पावड्यांवर ठेवले की मी कुणाची लेक, माझं लग्न कधी, असलं काही डोक्यात उरत नसे. मोरांचा पदर अर्धा विणून झाला होता. तो माझ्या चुलतभावानं पुरा केला आणि घरातल्या त्या मागावर तोच बसू लागला. मोराच्या माना त्यानं बऱ्या काढल्या होत्या, हे कबूल करायला मला अजूनही जड जातं.

मी घरकामाला लागले. ताईंनी दिलेले व्यायाम घोंगडीवर पडून करत राहिले. आठ महिने झाले, कंबरदुखी काही थांबेना. उलट वाढली. पुढच्या खेपेला ताईंनी कसं वाटतंय असं विचारलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "माझा माग घेतला तुम्ही, ताई. दुखणं तेवढं तसंच ठेवलं." अण्णांनी माझा दंड दाबला. एवढ्या मोठ्या बाईंना पोरगी असं बोलली म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्या घराचा पत्ता लिहून घेतला.

पुढच्याच रविवारी त्या एसटीनं येवल्यात हजर. आईची तारांबळ उडाली. ताईंनी चहा घेतला, पदर खोचला आणि मला मागावर बसू द्या म्हणाल्या. अण्णांना वाटलं थट्टा आहे. पण ताई खरोखर खड्ड्यात पाय सोडून बसल्या, पावड्या दाबून पाहिल्या, हात कुठवर जातो, कंबर कुठं वळते ते पाहिलं. दोन धागे तोडले. अण्णांनी ते निमूट जोडून घेतले. तासाभरानं त्यांना धरून उठवावं लागलं, तेव्हा त्या स्वतःलाच हसत होत्या.

मग त्यांनी मला बसवलं. आठ महिन्यांनी मी त्या जागेवर बसले आणि ताई आहेत हेही विसरून गेले. मध्येच एक व्यापारी आला, गेला. शेजारची काकू डोकावून गेली. संध्याकाळपर्यंत ताई कोपऱ्यात बसून नुसत्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुणी आलं की डावा खांदा उचलून ताठ होतेस. एकटी असलीस की सोडतेस. हे कुणासाठी करतेस?"

मी आईकडे पाहिलं. मी न्हातीधुती झाले तेव्हाच माझा डावा खांदा उतरलेला आईच्या ध्यानात आला होता. तेव्हापासून जाता येता ती त्या खांद्याला हळूच बोट लावायची, की मी तो वर घ्यायचा. पाणी भरताना, पंगतीत, देवळात. मागावर निदान आईकडे माझी पाठ असायची. माग सुटल्यावर दिवसभर मी तिच्या डोळ्यांपुढेच, म्हणून दिवसभर ताठ. दुखणं वाढलं ते उगीच नाही.

आईला रडू फुटलं. "पोरीला उजवायची हाय, ताई. दिसलं तर कोण पदरात घेईल तिला?"

"दिसू द्या," ताई म्हणाल्या. "लपवण्यातच तिची कंबर चालली आहे."

आईला त्या एका शब्दानं रागे भरल्या नाहीत. उलट तिचा हात धरून माझ्या कमरेवर ठेवला आणि कुठं, किती दाबायचं ते शिकवलं. म्हणाल्या, हात लावायचाच तर इथं लावत जा. मग त्या अण्णांकडे वळल्या. "अण्णा, चूक माझी झाली. हिचं काम न बघताच मी हिला कामावरून उठवलं. मला माफ करा." अण्णांनी हात जोडले. विणकराची अशी माफी कुणी कधी मागितली नव्हती.

चुलतभावाला अण्णांनी दुसरा माग लावून दिला आणि मी माझ्या जागेवर परत बसले. बैठकीखाली एका बाजूला घडी घातलेली गोधडी, थोडं विणलं की उठून फेरी, सकाळ संध्याकाळ व्यायाम. जादू झाली असं मात्र कुणी समजू नये. कणा होता तसाच आहे, आणि कंबर आजही अधूनमधून आठवण देते. पण मी विणते. पुढे स्थळं आली तेव्हा आईनंच पहिल्या चहाला सांगून टाकलं की पोरीची पाठ जरा वाकडी हाय, आत्ताच बघून घ्या. दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिसऱ्यानं विणताना दुखतं का एवढंच विचारलं. त्यांच्याशी माझं लग्न झालं.

त्या रविवारनंतर कुठल्याही मुलीला तिचं काम पाहिल्याशिवाय ताईंनी सल्ला दिला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. कारण गेली काही वर्षं आठवड्यातले दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली असते. मालेगावात यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या मुलींच्या पंगतीत त्या मांडी घालून बसल्या आहेत. येवल्याच्या खळ्यावर बायांबरोबर कांदा निवडला आहे. सटाण्याकडच्या म्हाताऱ्या त्यांना आपली समजतात, कारण ताई त्यांना "कंबर दुखस का, माय?" असं त्यांच्याच बोलीत विचारतात. बोली जरा कच्ची आहे, पण म्हाताऱ्या चालवून घेतात. व्यायाम बुडवणारीची मात्र ताई अशी हजेरी घेतात की बाहेरच्या बाकावरचीसुद्धा आपोआप सरळ बसते.

आता ताईंबद्दलची एक तक्रार सर्वांसमक्ष मांडते. गेल्या हिवाळ्यात सटाण्याला उतरताना ताई एसटीचा दांडा धरून थांबल्या. काय झालं विचारलं, तर चप्पल अडकली म्हणाल्या. चप्पल अडकली नव्हती. ताई, टेबलाला टेकून तुम्ही पाय बदलता तेही मी पाहते, आणि मुलगी आत आली की तुम्ही झटकन ताठ होता तेही पाहते. हे ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा माझ्यापुढे ही नाटकं चालायची नाहीत.

तुम्हाला शतायुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही मागते, आणि निरोगी मागते. पण दुखेल त्या दिवशी आम्हाला दुखतं म्हणा. मंगळवारी पहिल्या गाडीनं मी येते. बाकावर कितीही जणी थांबलेल्या असोत, आधी तुम्ही पालथं पडायचं. माझी बोटं रेशमानं खरखरीत झाली आहेत, तेवढं सोसून घ्या.