उघड्या दारावरची टकटक

हॅलिफॅक्सच्या कडेला खाडीकाठी आम्हा काळ्या लोकांची वस्ती होती, आफ्रिकव्हिल; तिथं दार कुणी वाजवत नसे. "डेल, आहेस का गं, चहा टाक," असं रस्त्यावरूनच ओरडत थेट चुलीपाशी यायचं. टकटक करायची ती नगरपालिकेची माणसं. वस्ती पाडायला काढली तेव्हा माझी डेल आत्या नवी नवरी होती. टकटक ऐकून तिनं भाबडेपणानं दार उघडलं आणि तिचा संसार कचऱ्याच्या गाडीतून हॅलिफॅक्सच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्यानंतर टकटकीला तिनं कधीच दार उघडलं नाही. तिच्या फ्लॅटवर डॉक्टरसुद्धा बाहेरून हाक मारूनच आत येई.

आता आमच्या जुन्या जागेवर संग्रहालय आहे. आत्या तिथं दाराशी खुर्ची टाकून बसते. दार दिवसभर सताड उघडं. पाहुणा उंबऱ्यावर घुटमळला की ती खेकसते, "मुक्यासारखा काय उभा? हाक मार आणि ये."

परवा खाडीवर दाट धुकं होतं. मी वस्तीचे फोटो पुसत होते, तेवढ्यात त्या उघड्या दारावर हळूच टकटक झाली. कोट घातलेले दोन तरुण उभे होते, एकाच्या हातात मोजपट्टी.

"फक्त पाहणी करायची होती," तो हसून म्हणाला.

"या ना," मी म्हणाले.

आत्यानं माझा दंड घट्ट धरला. "अक्कल आहे का तुला? दार उघडं असताना वाजवतायत ते."

बाहेर पुन्हा ठकठक सुरू झाली. या वेळी दारावर नव्हे. पायरीलगत तिसरा माणूस जमीन मोजणीची, लाल फीत बांधलेली खुंटी ठोकत होता.