एसीची नळी जोडणारा

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हापासून आमचे हे पुण्यात एसी बसवतात. उन्हाळ्यात त्यांचं घरी येणंच होत नाही. ते काम मी पहिल्यांदा पाहिलं खामगावात, मी स्वयंपाक करते त्या घरी.

फिटर अनोळखी होता. शिडीवर उभं राहून त्यानं तांब्याची नळी हळूहळू वाकवली, भिंतीवरच्या एसीला जोडली. मग सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहत राहिला. हनुवटीवरून घाम गळत होता. ह्यांचाही असाच गळत असेल.

एसी सुरू होताच तो निघाला.

“भाऊ, थोडं गारव्यात बसा,” मी धीर करून म्हणाले.

“नको ताई, सवय लागून जाईन!” हसत तो उन्हात गेला.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. ‘तुम्हाले कोणी बसा म्हणते का?’ असं विचारायचं होतं. मी ‘जेवले का?’ एवढंच विचारलं.